दुसरा ठोका

१

सांडोर गावच्या फ्रेडरिकचा पिकअप चौदा वर्षांचा होता. गाडीचं चौदावं वर्ष म्हणजे माणसाची साठी. रोज सकाळी कुठे ना कुठे काहीतरी दुखतंच. पण त्याच्या बायकोला, मटिल्डाला, त्या गाडीचे सगळे आवाज घरातल्या भांड्यांसारखे पाठ होते. चालू होताना इंजिन दोनदा खोकायचं. दुसरा गिअर कुरकुरायचा. चर्चच्या वळणावर डावं दार आपल्या आपण थरथरायचं. मटिल्डा ओट्याशी उभी राहून नुसत्या आवाजावरून सांगायची, आता तो अमक्याच्या वाडीपाशी आला, आता चहा टाकायला हरकत नाही.

माल रोजचाच. केळीचे लोंगर, केळीची पानं, आळू, पालक, मुळा. पहाटे वाडीत भरायचा आणि होळीच्या बाजारापासून स्टेशनपर्यंत ठिकठिकाणी उतरवायचा. कुठल्या खानावळीला किती पानं, कुठल्या भाजीवालीला किती जुड्या, हे सगळं यमुनाच्या डोक्यात. यमुना त्यांच्या वाडीवर अकरा वर्षं कामाला होती. ती मागे मालाजवळ बसायची आणि जिथे टोपली उतरवायची तिथे केबिनच्या पत्र्यावर हाताने ठोकायची. एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे चल. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीची ही भाषा. ती कोणी शिकवत नाही आणि कोणी विसरत नाही. फ्रेडरिकने आरशात बघायचं कधीच सोडून दिलं होतं. ठोका आला की त्याचा पाय आपोआप हलायचा.

यमुना आजारी असली की मटिल्डा मागे बसायची. फ्रेडरिक म्हणायचा, "मला न बघता कळतं कोण बसलंय ते. यमुनाच्या ठोक्यामागे बांगड्या किणकिणतात. तुझा ठोका अंगठीचा. ठण् करून वाजतो, शाळेच्या घंटेसारखा."

लग्नातली ती अंगठी सत्तावीस वर्षांत मटिल्डाच्या बोटात अशी रुतली होती की साबण लावूनही निघत नव्हती.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला फ्रेडरिकने हौद्यावर पत्र्याचा बंद डबा बसवला. उन्हात पालक माना टाकायचा म्हणून. नवा डबा परवडेना, तेव्हा हायवेलगतच्या एका भंगारवाल्याकडून जुना आणला. पांढरा, चांगला जाड पत्रा, मागे एकच दार, डाव्या बाजूला वर हवेसाठी रुपयाएवढी दोन भोकं. आधी त्यातून काय नेत असत, ते भंगारवाल्यालाही ठाऊक नव्हतं. मटिल्डाने तो आतून सोडा टाकून दोनदा धुतला. धुताना तिच्या लक्षात आलं, की दाराला आतून उघडायचा खटका एके काळी होता. तो करवतीने कापून टाकला होता. कापलेल्या जागी बोट लावलं तर अजून टोचत होतं.

"चोरीच्या भीतीने कापला असेल," फ्रेडरिक म्हणाला.

"आतून कोण चोरी करणार?"

"मग तूच सांग, वकीलबाई!"

ती हसली आणि तिने उरलेलं पाणी ओतून टाकलं.

२

आवाज सुरू झाला तो नाताळनंतर. माल उतरवून रिकामी गाडी घरी येत असली की डब्यातून मधूनच ठक् ऐकू यायचं. कधी एक, कधी दोन. फ्रेडरिकने आधी थट्टेवारी नेलं. "गाडीला घरची ओढ लागलीय. आपणच म्हणते चल." मग त्याने डब्याचे बोल्ट आवळले, कोपऱ्यांत सायकलच्या ट्यूबचे तुकडे खुपसले. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा ठक्.

मग यमुनाचं भांडण झालं.

होळीच्या बाजारात टोपल्या उतरवायच्या होत्या, यमुना मालाबरोबर बंद डब्यात, आणि गाडी थांबली नाही. पार स्टेशनपर्यंत गेली. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळी यमुना अंगणात गाडीतून उतरली ती घामाने निथळत आणि थेट फ्रेडरिकसमोर उभी राहिली.

"दादा, कानात बोळे घातलेत का? मी ठोकते ठोकते, तुम्ही थांबत नाय!"

"दोन ठोके दिलेस तर कसा थांबेन? दोन म्हणजे चल. अकरा वर्षांनी आता शिकवू का तुला?"

"मी एकच ठोकला."

"मी ऐकले ना दोन. एक, आणि त्याला चिकटून दुसरा."

"दुसरा माझा नाय."  यमुना आवाज खाली आणून म्हणाली, "दुसऱ्याला माझ्या बांगड्या वाजल्या का, ते सांगा."

 फ्रेडरिक उगाच चिडून म्हणाला, "तुझ्या बांगड्या ऐकत बसू, की रस्ता बघू?"

"मी नाय बसनार उद्यापासून. दुसरी बघा कोन मिळते ती."

ती गेली. फ्रेडरिक तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत म्हणाला, "मजुरी वाढवून पाहिजे असेल. खोटं कशाला बोलायचं?"

 यमुनाला मटिल्डा अकरा वर्षं ओळखत होती. ती बाई वाडीतला पडलेला नारळसुद्धा विचारल्याशिवाय उचलत नसे. आणि फ्रेडरिकही खोटं बोलणारा नव्हता. त्याने दोन ठोके ऐकले असतील तर ऐकले असतील. दोघांतलं कोणीच खोटं बोलत नाही असं धरलं, तर मग काय उरतं, या प्रश्नापाशी येऊन तिचं डोकं थांबलं.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी ती यमुनाकडे गेली. गावाच्या खाडीकडच्या टोकाला तिचं दोन खोल्यांचं घर. यमुना चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. दोन्ही हातांत कोपराच्या दिशेने हिरव्या बांगड्यांची रांग.

"बस बाय. पानी देऊ?"

"नको गं. तुझी समजूत काढायला आलेय."

"समजूत दादाची काढा."

"त्याचा स्वभाव तुला ठाऊक आहे. गॅरेजवाल्या धनेशकडे गाडी दाखवून आवाज काढून घेतो तो. मग येशील ना?"

यमुनाने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. मटिल्डा तिच्या हातांकडे बघत राहिली. छान गोल भाकरी थापायची यमुना.

"बाय, एक सांगू? हसू नका. काल उतरले ना, तवापासून काहीतरी आत विसरले असं वाटते. टोपल्या मोजल्या. विळा हाय, पानाची पिशवी हाय. समदं हाय. तरी जीवाला लागून राहते, काहीतरी आत राहिलं."

"उन्हाचा त्रास असेल. बंद डबा, हवा नाही."

"आसंल," यमुना म्हणाली आणि दुसरा गोळा हातात घेतला.

परत येताना मटिल्डाला सारखं वाटत होतं, की त्या घरात काहीतरी कमी होतं. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं की आधी कळत नाही, नुसती खोली ओकीबोकी वाटते, तसं. काय कमी होतं ते तिला आठवेना. चुलीचा जाळ होता, तव्याचा चुरचुर आवाज होता, बाहेर कोंबडी होती. तिने तो विचार सोडून दिला.

४

धनेशचं गॅरेज निर्मळ गावच्या रस्त्याला होतं. तिशीतला गडी, हात काळे, तोंड गोड. त्याने गाडी चालू ठेवून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं आणि मूठ कानाला. डॉक्टर छाती तपासतात तसा डोळे मिटून ऐकत राहिला. मग जॅक लावून मागची चाकं हलवली, खाली सरकून स्प्रिंगचे पाटे ठोकून पाहिले.

"अंकल, इंजिन एकदम ओके. गिअरबॉक्स ओके. पाट्यांचे बुश थोडे गेलेत, पण त्यांचा आवाज वेगळा, खटखट असा. तुमचा लफडा डब्यात आहे."

"मग काढ की बाहेर."

"उभ्या गाडीत वाजत नाय ना तो. चालत्या गाडीत कोणीतरी आत बसून ऐकायला पाहिजे, कुठच्या कोपऱ्यातून येतो ते. मी खिडकीतून डोकं काढून मागचं चाक ऐकतो. तुम्ही चालवणार." त्याने मटिल्डाकडे पाहिलं. "उरल्या आंटी."

"ती नको," फ्रेडरिक म्हणाला. "आत भट्टी असते."

"मी बसते," मटिल्डा म्हणाली.

तिने ते गाडीसाठी म्हटलं नव्हतं. एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं, की यमुनाला मान वर करून सांगता येईल: ये, तू खरी होतीस. किंवा: ये, पत्रा सैल होता. दोन्हींतलं काहीही चाललं असतं.

धनेशने तिला टॉर्च दिला आणि खडूचा तुकडा. "जिथून आवाज येतो तिथे गोल काढा आणि एक ठोका द्या. आम्ही थांबतो, मी येऊन बघतो. बघून झालं की दोन ठोके. आगाशीपर्यंत जाऊ, रस्ता मस्त खराब आहे." तो हसला. "दार मात्र लावायला लागेल, नायतर तेच आपटत राहील आणि दुसरं काय ऐकायला नाय मिळणार."

मटिल्डाने पर्स केबिनमध्ये सीटवर ठेवली. फोन त्यातच होता. पदर खोचून ती डब्यात चढली. फ्रेडरिकने दार लावताना म्हटलं, "घाबरलीस तर एक ठोका. लगेच थांबतो."

बाहेरून कडी पडली.

५

अगदी काळोख नव्हता. डाव्या बाजूच्या दोन भोकांतून उन्हाच्या दोन बारीक काठ्या आत आल्या होत्या आणि समोरच्या पत्र्यावर उजेडाचे दोन ठिपके पडले होते. गाडी वळली की ठिपके सरकायचे, सरळ झाली की जागेवर यायचे. डब्यात मुळ्याचा आणि ओल्या गोणपाटाचा वास होता. मटिल्डाने एक गोणपाट अंथरलं आणि केबिनकडच्या पत्र्याला पाठ टेकून बसली.

पाच मिनिटांतच तिला आवाज सापडला. मागच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, काहीतरी खुळखुळत होतं. टॉर्च पेटवून ती रांगत गेली. पत्र्याला हात लावला की थांबायचं, सोडला की पुन्हा खुळखुळ. तिला एवढं हायसं वाटलं की ती एकटीच हसली. सैल बोल्ट. यमुना आणि फ्रेडरिक, दोघांच्या भांडणाचं मूळ हे एवढंसं. तिने खडूने भलंमोठं वर्तुळ काढलं, परत पुढे आली आणि पत्र्यावर ठोकलं.

ठण्.

आणि त्याला चिकटून, तिच्या हाताच्या शेजारी, ठक्.

गाडी थांबली नाही. फ्रेडरिकने गिअर बदलला, दुसरा गिअर कुरकुरला आणि वेग वाढला.

घुमलं असेल, तिने स्वतःला सांगितलं. बंद डबा आहे, आवाज घुमणारच. तिने टाळी वाजवून पाहिली. टाळी वाजली आणि विरली, घुमली नाही. तिने पुन्हा ठोकलं.

ठण्. ठक्.

पहिला तिचा, अंगठीचा, खणखणीत. दुसरा मऊ, उघड्या हाडांचा. एकाच जागी, एकाच उंचीवर. मध्ये श्वास घेण्याइतकीही फट नाही. केबिनमधून ऐकणाऱ्याला ते दोनच ठोके वाटणार. चल.

ती उठली आणि टाचा उंचावून भोकाला डोळा लावला. निर्मळचं तळं मागे पडत होतं. एक बाई छत्री घेऊन कडेने चालली होती, इतकी जवळ, की भोकातून बोट बाहेर काढलं असतं तर छत्रीला लागलं असतं. मटिल्डाने हाक मारली. बाईने वर पाहिलंसुद्धा नाही. जुन्या डिझेल इंजिनाच्या आवाजात, पत्र्याआडून, कोण ऐकणार? तिने फ्रेडरिकच्या नावाने ओरडून पाहिलं. धनेशच्या नावाने ओरडून पाहिलं. धनेश खिडकीबाहेर डोकं काढून मागचं चाक ऐकत असणार. त्याच्या कानांत वारा.

मग ती विचार करायला बसली. ती घाबरट बाई नव्हती. ठोका एक दिला की दोन होतात. मग तीनच द्यावेत. तीनचा अर्थ कुठल्याच गाडीत काही होत नाही; फ्रेडरिक गोंधळेल आणि बघायला थांबेल. तिने भराभर तीन ठोके दिले.

ठण्, ठण्, ठण्. ठक्.

चार. चल, चल.

तिच्या मानेवरून घामाचा थेंब पाठीत उतरला. बरं, मग दोन. दोनात एक मिळाला तर तीन होतील. तिने दोन दिले आणि कान देऊन वाट पाहिली.

या वेळी दुसऱ्या हाताने काहीच केलं नाही. दोनाचे दोनच राहिले. गाडी मजेत चालत राहिली.

म्हणजे त्याला मोजता येत होतं.

"नमो मरिया," ती म्हणू लागली आणि मधेच अडखळली, कारण मागच्या कोपऱ्यातून, खडूच्या वर्तुळापासून जरा अलीकडून, एक बारीक आवाज आला. किणकिण. काचेच्या बांगड्या. कोणी गुडघे पोटाशी घेऊन बसलं असेल आणि त्याने हात जरासा हलवला असेल, तसा.

आणि तिला आठवलं, यमुनाच्या घरात काय कमी होतं ते. यमुना भाकरी थापत होती. दोन्ही हात वर-खाली होत होते, हिरव्या बांगड्या मनगटावर घसरत होत्या, एकमेकींवर आपटत होत्या. वाजत नव्हत्या.

टॉर्च तिच्या हातात होता. तो त्या कोपऱ्यात फिरवावा असं तिला वाटलं नाही. तिने तो विझवला. गाडी वळणावर आली. उजेडाचे दोन ठिपके समोरच्या पत्र्यावरून सरकत सरकत तिच्याकडे आले. एक तिच्या हातावरून गेला. अंगठी क्षणभर चकाकली. दुसरा तिच्या हाताच्या शेजारी पडला, आणि तो पत्र्यावर पडला नाही. तो बोटांच्या पेरांवर पडला. चार पेरं, मूठ वळलेली, पत्र्यापासून इंचभर अंतरावर थांबलेली, कान टवकारावा तशी वाट बघत. मग गाडी सरळ झाली आणि ठिपका निघून गेला.

त्यानंतर मटिल्डाने ठोकलं नाही. हात मांडीवर ठेवले. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. शेवटी, रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाला म्हणावं तसं ती हलकेच म्हणाली, "मला उतरायचंय हो."

तिच्या शेजारी, अगदी कानाजवळ, एकच ठोका पडला.

ठक्.

ब्रेक लागले. गाडी थांबली.

६

दार उघडलं तेव्हा आगाशीच्या बाजारातलं दुपारचं ऊन एकदम अंगावर आलं. भाजीची हातगाडी, थांब्यावर एसटी, कोणाच्या तरी दुकानात रेडिओ. फ्रेडरिक हात देत म्हणाला, "शेवटी दिलास एकदाचा! चल काय, चल काय! मला वाटलं, हिला आवाजच सापडत नाही."

"मधे एकदा तर चार," धनेश हसत म्हणाला. "मी बोललो अंकलला, आंटी फुल जोशात आहेत."

मटिल्डा खाली उतरली. उतरताना दाराशी थोडी दाटी झाल्यासारखी वाटली, चर्चच्या दारात रविवारी होते तशी. तिला बोलायचं होतं. पण ऊन लखलखीत होतं, समोर हातगाडीवाला भेंडी मोजत होता, आणि तोंडाशी आलेलं वाक्य तिला स्वतःलाच वेडगळ वाटलं.

"बरी आहेस ना?" फ्रेडरिकने विचारलं.

"उकडलं फार."

धनेश आत चढला आणि वर्तुळ बघून ओरडला, "सापडला!"

तिने खडू त्याला परत दिला. टॉर्च परत दिला. चपला पायात होत्या. रुमाल कमरेला होता. पर्स केबिनमध्ये होती. सगळं होतं. तरीही ती दाराशी रेंगाळली. काहीतरी आत राहिलं होतं. तिने पुन्हा एकदा मनात मोजलं. तोवर फ्रेडरिकने दार लोटलं आणि कडी घातली.

गॅरेजला परतल्यावर धनेशने बोल्ट काढून तळहातावर धरला. आटे पार झिजले होते. "हे घ्या अंकल, तुमचं भूत. दहा मिनिटांत नवा टाकतो, खाली रबर टाकतो. परत आवाज आला तर धंदा बंद करीन."

त्याने चहा मागवला. मटिल्डाने काचेचा ग्लास दोन्ही हातांनी धरला, अंगठी काचेला लागली. इथेही काहीतरी कमी होतं. चहात साखर होती, आलंही होतं. ग्लास तिने खाली ठेवला, पुन्हा उचलला. काय ते तिच्या लक्षात आलं नाही.

७

घरी निघाले तेव्हा ऊन कलंडलं होतं. या वेळी ती पुढे, फ्रेडरिकच्या शेजारी बसली. मागे डबा रिकामा. धनेशने सांगितल्याप्रमाणे रस्त्यावर कुठेच काही वाजलं नाही. ना खटखट, ना खुळखुळ.

फ्रेडरिक खुशीत होता. "उद्या सकाळी मी स्वतः जातो यमुनाकडे," तो म्हणाला. "बोल्ट खिशात ठेवलाय. तिच्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, बाई, चुकलो. झालं? माफी मागायला काय जातं? अकरा वर्षांची बाई आहे."

"हो," मटिल्डा म्हणाली.

"तू गप्प का?"

"दमले."

चर्चची संध्याकाळची घंटा झाली. वळणावर डावं दार थरथरलं. केळीच्या वाड्या आल्या, मग त्यांचं फाटक दिसलं. निघताना विसरलेला स्वयंपाकघरातला दिवा तसाच जळत होता. फ्रेडरिकने वेग कमी केला.

मागून ठोका आला. एकच.

ठण्.

त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी फाटकापाशी थांबली. इंजिन चालू होतं. दोघंही समोर बघत राहिले.

"डबा रिकामा आहे ना?" फ्रेडरिकने विचारलं.

मटिल्डाने मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. अंगठी जागच्या जागी होती, बोटात रुतलेली, सत्तावीस वर्षं होती तशीच.

ठण्, पुन्हा आला. शाळेच्या घंटेसारखा. फ्रेडरिकचा चेहरा बदलला. तो ठोका त्याला न बघता कळत होता.

"उतरून बघतो," तो म्हणाला आणि त्याने दाराच्या खटक्याला हात घातला.

उघड, असं तिला म्हणायचं होतं. पटकन जा आणि उघड, आत भट्टी असते. ते शब्द तिला अगदी स्पष्ट सुचले. पण तोंडातून ते आले नाहीत. त्याऐवजी तिचा हात उठला. तिच्या देखत उठला, पाठीमागे वळला, आणि अंगठीच्या बाजूने, जोरात, सीटमागच्या पत्र्यावर पडला.

ठक्.

मऊ. उघड्या हाडांचा.

फ्रेडरिकचा हात खटक्यावरच राहिला. त्याने तिच्या मुठीकडे पाहिलं, अंगठीकडे पाहिलं.

"मटिल्डा," तो अगदी हळू म्हणाला. "परत ठोक बघू."

तिला ठोकायचं नव्हतं. पण पुढे काय येणार ते तिला ठाऊक होतं. आता आतलं माणूस विचार करत असेल. आता त्याला वाटत असेल, की तीन द्यावेत, तीनचा अर्थ काही होत नाही.

मागून भराभर आले. ठण्, ठण्, ठण्.

तिचा हात पुन्हा उठला.

ठक्.

फ्रेडरिक तिच्या तोंडाकडे बघत राहिला, एसटीत शेजारी येऊन बसलेल्या अनोळखी बाईकडे बघावं तसा.  पण चार ठोके पडले होते, आणि तीस वर्षांची सवय त्याच्या पायात होती. पायाने ब्रेक सोडला. दुसरा गिअर कुरकुरला. फाटक, पायरी, स्वयंपाकघराचा उजेड, एकेक करत सगळं मागे गेलं.